मॉरिशसची झाडं: ओळख पटलेली, अर्धवट पटलेली आणि अडकलेली

डिसेंबरातल्या मॉरिशस फेरीचे फोटो आता कुठे लावायला घेतलेत. किनाऱ्यावरची आणि रस्त्याकडेची झाडं मार्गी लागली, डोंगरातली बरीच रखडली आहेत. जे हाती लागलं ते इथे टाकतोय. कुणी तिकडे जाणार असेल तर उपयोग होईल, आणि अडकलेल्यांपैकी एखादं कुणी सोडवलं तर माझाच फायदा.

मॉरिशसमध्ये अनोळखी झाड दिसलं की ‘हे कोणतं?’ याच्या आधी ‘हे आलं कुठून?’ असं विचारायचं. त्या बेटावर चांगल्या स्थितीतलं मूळ जंगल दोन टक्क्यांहूनही कमी उरलंय. म्हणजे गाडीच्या खिडकीतून जे दिसतं ते जवळजवळ सगळं बाहेरून आणलेलं. एवढं डोक्यात ठेवलं की निम्मी यादी आपल्या ओळखीचीच निघते. किनाऱ्यावर देशी बदाम आहे, आडव्या मजल्यांच्या फांद्या आणि झडण्याआधी लाल होणारी पानं. सुरूची बनं आहेत, अगदी कोकणातल्यासारखी. ज्यांनी कधी केलं नसेल त्यांनी सुरूची एक हिरवी ‘सुई’ पेरावर तोडून भिंगाखाली बघा. जोडावर सहा-आठ बारीक दातांचं कडं दिसेल. खरी पानं ती, सुई म्हणजे डहाळी.

गुलमोहर मात्र चकवतो, कारण तो ऐन डिसेंबरात पेटलेला असतो. दक्षिण गोलार्धातला उन्हाळा. हे झाड मूळचं मादागास्करचं. 1820च्या दशकात बोयर या वनस्पतिशास्त्रज्ञाने ते तिथे पाहून शास्त्रीय नोंदीत आणलं, आणि हा बोयर काम करायचा तो मॉरिशसमध्ये.

मादागास्करहूनच आलेली रावेनाला ओल्या उतारांवर अक्षरशः माजली आहे. आपल्याकडे बंगल्यांच्या आवारात पंखा पसरल्यासारखी उभी असते ती. हिला ट्रॅव्हलर्स पाम म्हणतात, पण ती पाम नाही. पान केळीसारखं, आडव्या शिरांवर वाऱ्याने फाटलेलं, आणि कूळ बर्ड ऑफ पॅराडाइजचं. सुकलेलं फळ उकललेलं मिळालं तर सोडू नका. आत बियांभोवती झगझगीत निळं आवरण असतं. वनस्पतींत असा निळा मी क्वचितच पाहिलाय.

वाक्वा हा केवड्याचा भाऊबंद. पानं खोडाभोवती पिळाने चढत जाणाऱ्या तीन रांगांत लागतात, कडेला लालसर काटे असतात, बुंध्याशी आधारमुळं आणि लांब देठावर लोंबणारं गोल फळ. आमचे गाडीवाले काका मूळच्या मराठी घरातले, बोलणं सगळं तिथल्या क्रेओल बोलीत. या पानांच्या पिशव्या विणतात हे त्यांनीच दाखवलं. स्थानिक नावं अशा माणसांकडून टिपून घ्यावीत, नंतर शास्त्रीय नावापर्यंत पोचायला ती फार कामी येतात.

पाम्प्लेमूसच्या प्रसिद्ध बागेबद्दल फार लिहीत नाही. बाग सुंदरच आहे, पण पाटी लावलेलं झाड ओळखण्यात काय मजा? क्यूरपीपच्या छोट्या बागेत मात्र जाच. हायोफोर्बे अमारिकॉलिस या पामचं जगात उरलेलं एकमेव झाड तिथे आहे. उंच, बारीक, भोवती लोखंडी सांगाडा. त्याचंच सख्खं भावंड म्हणजे खरा बॉटल पाम, मॉरिशसजवळच्या राउंड आयलंडचा. आपल्या सोसायट्यांच्या गेटवर ज्याला सर्रास बॉटल पाम म्हणतात तो बहुतेक वेळा रॉयल पाम असतो. फरक सोपा आहे. खऱ्याचं खोड बुटकं, खाली फुगलेलं, वर जेमतेम चार-सहा पानं, आणि फुलोऱ्याच्या कळ्या शिंगांसारख्या वर वळलेल्या.

आता खरी डोकेदुखी. मास्कारीन बेटांवरच्या (म्हणजे मॉरिशस आणि त्याच्या शेजारची बेटं) बऱ्याच झाडांची रोपावस्थेतली पानं मोठ्या झाडाच्या पानांशी अजिबात जुळत नाहीत. ब्वा दॉलिव्ह (एलिओडेंड्रॉन ओरिएंटाले) घ्या. रोपाची पानं लांबलचक, बोटाहून अरुंद, मधली शीर लालभडक. त्याच झाडाची वरची पानं रुंद, गोलसर टोकाची, साधी हिरवी. दोन वेगळ्या फोटोंत पाहिली तर दोन वेगळ्या कुळांत टाकाल. झाडं ओळखणाऱ्या अ‍ॅपला फक्त वरची फांदी दाखवली की ते जगभर फिरून येतं, रोप दाखवलं की कुंडीतल्या शोभेच्या झाडावर थांबतं. एका अर्थी ते बरोबरच असतं, कारण हीच रोपं ‘फॉल्स ऑलिव्ह’ म्हणून कुंडीत विकली जातात. उपाय एकच: बुंध्यापासून फुटलेला नवा कोंब शोधायचा, आणि अरुंद पान हळूहळू रुंद होत जाताना एकाच फांदीवर टिपायचं. असा फोटो मिळाला की वाद संपतो. कूळ आपल्या हेकळीचं आणि तामरूजाचं.

असं का, तर तिथे पूर्वी महाकासवं चरायची, आणि कोवळ्या रोपाने वेगळं दिसून त्यांच्यापासून जीव वाचवला असावा असा अंदाज संशोधक मांडतात. मॉरिशसच्या दोन्ही कासवजाती कधीच्या संपल्या. इल-ओ-झेग्रेत या छोट्या बेटावर त्यांच्या जागी अल्डाब्राची कासवं सोडली आहेत. तिथे वाटाड्या सोबत असतोच. एबनीच्या सावलीत रोपं आणि कासवं एका नजरेत दिसतात. वेळ असेल तर हे बेट चुकवू नका.

ब्लॅक रिव्हर गॉर्जेसमध्ये (1994पासून राष्ट्रीय उद्यान) पहिली अडचण म्हणजे चिनी पेरू. लालसर, गुळगुळीत, सोलत जाणारं खोड, समोरासमोर चकचकीत पानं. या झाडाने मूळ जंगलाचा श्वास कोंडलाय. पान उजेडासमोर धरलं की तेलग्रंथींचे बारीक ठिपके दिसतात, पण तेवढ्यावर थांबू नका. तिथली अस्सल स्थानिक जांभूळवर्गीय झाडंही हीच खूण दाखवतात. या खुणेने कूळ कळतं, जात नाही.

शेवटी अडकलेलं एक. याच उद्यानाच्या पेत्रँ भागातल्या खुरट्या झुडुपांत, कमरेएवढं, पानं समोरासमोर, दोन देठांच्या मध्ये उपपर्णं (देठाच्या बुडाशी असणारी पानासारखी बारीक अंगं) जुळून झालेली नळी. म्हणजे कॉफीचं कूळ, इथवर शंका नाही. पण या कुळात फळाच्या डोक्यावर सहसा निदलपुंजाचं (फुलाच्या बाहेरच्या हिरव्या वाटीचं) कडं उरतं, आपल्या गेळ्यावर असतं तसं. माझ्या फोटोत फळाचा माथा साफ आहे आणि कडं देठाशी, तळाला आहे. बीजाशय (ज्याचं फळ होतं तो फुलाचा भाग) निदलपुंजाच्या वर असलेली अशी प्रजाती या कुळात विरळाच, म्हणून मी गेर्टनेरा या प्रजातीवर आलोय. जातीपर्यंत जायला फुलं हवीत आणि फुलांचा फोटो माझ्याकडे नाही. कुणी पेत्रँला ती फुललेली पाहिली असेल तर उपपर्णांच्या नळीच्या कडेचा आणि फुलोऱ्याचा जवळून घेतलेला फोटो पाठवा, मी माझे सगळे उलट पाठवतो.