तुम्ही विचारलंत म्हणून: झाड तोडलं की जंगल मरतं का?

भूगोल शिकवते म्हटल्यावर हा प्रश्न ठरलेलाच, की थंड प्रदेशातली पानझडी जंगलं, ओक, बीच, अ‍ॅश, हेझलची, माणसाने तोडून संपवली ना? संपवली, बरीचशी, पण कुऱ्हाडीपेक्षा नांगराने आणि चराईने. त्या जंगलांखालची माती पालापाचोळ्याने कसदार, त्यामुळे युरोपात शेतीसाठी आधी तीच साफ झाली.

नुसतं तोडलं तर काय होतं? हेझल, अ‍ॅश बुंध्याशी कापा, खुंटातून भराभर सरळसोट धुमारे येतात, हेझल तर ७ ते १० वर्षांत परत कापायला तयार. याला कॉपिसिंग म्हणतात. कुंपणं, कुडाच्या भिंती, जळण, भट्टीचा कोळसा सगळं यातूनच, आणि ओकची साल जायची कातडं कमवायला. इंग्लंडात सफकमधल्या ब्रॅडफील्ड वुड्समध्ये ही तोडणी १२५२ पासून चालल्याच्या नोंदी आहेत, आणि असं सारखं कापलेलं झाड न कापलेल्यापेक्षा जास्त जगतं, जे मला स्वतःलाच पटायला वेळ लागला.

दरवर्षी एकच तुकडा कापायचा, तिथे ऊन जमिनीपर्यंत पोचलं की प्रिमरोज, ब्लूबेल फुलतात, फुलपाखरं येतात. हीथ फ्रिटिलरी नावाचं एक फुलपाखरू तर तोडणी जिकडे सरकेल तिकडे सरकायचं, म्हणून लोक त्याला लाकूडतोड्याच्या मागे फिरणारं असंच म्हणायचे. मग घरात खाणीतला कोळसा आला, कुंपणाला तार आली, विसाव्या शतकात कॉपिसिंग बसलं, जंगल अंधारलं आणि हे बिचारं तिथे जवळपास नाहीसं झालं. म्हणजे हात काढून घेतला म्हणूनही नुकसान!

पहिल्या महायुद्धापर्यंत ब्रिटनमध्ये जंगल जेमतेम ५ टक्के उरलं होतं. १९१९ला फॉरेस्ट्री कमिशन हे सरकारी वनखातं निघालं, पण त्यांना लाकूड हवं होतं लवकर, म्हणून लावले सूचिपर्णी, काही ठिकाणी तर जुनं ओकचं रान काढून. अमेरिकेची गोष्ट वेगळीच, तिथे आशियातून आणलेल्या रोपांबरोबर बुरशी आली, १९०४ला न्यूयॉर्कमध्ये दिसली, आणि चेस्टनटची अब्जावधी झाडं गेली, कुणी कुऱ्हाड न उचलता.

आता ब्रिटनमध्ये कॉपिसिंग परत सुरू करतायत काही जण. पण लांडगे कधीच मारून टाकलेत, हरणं बेसुमार वाढलीत आणि कोवळा धुमारा दिसला की फस्त, त्यामुळे तोडणीबरोबर कुंपणही घालावं लागतं.