काय केलं होतं यानं?

रविवार, रात्री साडेअकरा

आज बाजारात एका पोट्ट्याला लोकांनी मारलं. पंधरा-सोळा वर्षांचा असेल. मोबाइल उचलला म्हणे. सांबाराच्या जुड्या मांडलेल्या गोणपाटावर तो आडवा पडला होता आणि भोवती वीस-पंचवीस माणसं. एका बाईनं हातातली पिशवी खाली ठेवली, पुढे होऊन त्याला दोन थापडा हाणल्या, पिशवी उचलली आणि मला विचारलं, "काय केलं होतं जी यानं?"

डोळ्याला डोळा लागत नाही.

मी बारावीत होते. १३ ऑगस्ट २००४. कस्तुरबानगर वस्तीतल्या बायांनी अक्कू यादव या गुंडाला इथं नागपुरात, भर कोर्टात संपवलं. डोळ्यांत तिखट, मग चाकू, दगड. त्याला पोलीस तिथं घेऊन आले होते, आणि तो जामिनावर सुटेल अशी धास्ती वस्तीला होती. बलात्कार, खून, खंडणी, वर्षानुवर्षं. तक्रार करायला गेलेल्या बाईलाच उलटं दटावून परत पाठवायचे, असं त्या बाया सांगत होत्या. बातमी आली तेव्हा आई पोळ्या लाटत होती. लाटणं हातात तसंच धरून म्हणाली, "बरं झालं." मलाही तेच वाटलं. आजही वाटतं, ते खोडून काढता येत नाही. "आम्हा सगळ्यांनाच अटक करा," म्हणत बाया रस्त्यावर उतरल्या होत्या. २०१४ मध्ये आरोपी पुराव्याअभावी सुटले तेव्हा माझाही जीव भांड्यात पडला.

मग राईनपाडा आठवतं आणि बोलती बंद होते. धुळे जिल्हा, साक्री तालुका, १ जुलै २०१८. तोही रविवारच, आठवडी बाजाराचा. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, ही व्हॉट्सअ‍ॅपवरची आवई. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं, भिक्षेवर पोट भरणारी. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठेचून मारली.

मारणाऱ्यांना वाटत होतं, आपण लेकरं वाचवतोय. मला हेच सोसत नाही. कस्तुरबानगरच्या बाया त्या माणसाला नखशिखांत ओळखत होत्या, त्यानं काय केलं ते त्यांच्या अंगावर होतं. राईनपाड्यात त्या पाचांची नावंही कुणाला ठाऊक नव्हती. फरक जमीन-अस्मानाचा आहे. पण जमाव जमला की तो फरक बघणार कोण? "तुझं म्हणणं काय?" हे विचारायला कुणीतरी थांबावं लागतं, आणि कोर्ट त्यासाठीच आहे. रखडणारं, तारखांवर तारखा देणारं, तरी विचारणारं.

आणि कस्तुरबानगरात त्या कोर्टापर्यंत पोचण्याची वाटच अडवली गेली होती. ठाण्यात पहिल्याच बाईची तक्रार नीट लिहून घेतली असती, तिच्या पाठीशी एक जरी खाकी वर्दी उभी राहिली असती, तर त्या बायांच्या हाती चाकू आला नसता. माझा राग त्यांच्यावर कधीच नव्हता. तो त्या कोऱ्या राहिलेल्या कागदांवर आहे.

आज मी हात उचलला नाही. पण फोन हातात होता आणि ११२ लावला नाही. कुणीतरी लावेल, असं वाटलं. तेवढ्यात गर्दी पांगली, पोट्टा उठला, तोंड पुसलं आणि लंगडत पुलाकडे गेला. मोबाइल त्याच्याकडे सापडला की नाही, कुणालाच सांगता येईना.

त्याची एक चप्पल तिथंच राहिली. भाजीवाल्यानं ती गोणपाटाखाली सरकवून ठेवलीय. "येईल तो घ्याले," म्हणाला.