मावशींची भिंत

मी बांधकामातल्या कसबांची परीक्षा घेते. शिकवणारी मी नव्हे. शिकवणाऱ्यानं परीक्षा घ्यायची नाही, असा नियमच आहे. २०१९च्या मे महिन्यात नाशिकजवळच्या एका साइटवर प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेतली ‘आरपीएल’ची बॅच होती. आरपीएल म्हणजे काम करता करता हातात बसलेल्या कसबाला सरकारी मान्यता. कुठं शिकलात हे विचारायचं नाही, काय येतं ते बघायचं. तेव्हा १२ तासांचा ओळखवर्ग असायचा, मग परीक्षा, आणि पास झालात तर प्रमाणपत्र. राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखड्यात तेव्हा गवंडी चौथ्या स्तरावर होता, सहायक गवंडी दुसऱ्या.

गवंड्यांच्या यादीत एकच बाई होती. मुकादम बाजूला येऊन म्हणाला, “म्याडम, ते नाव आकडा भरायला घातलंय. बिगारी हाय ती. गैरहजर लावा.”

बाई समोरच उभी होती, डोक्यावर चुंबळ. हजर माणसाला गैरहजर कशी लावू? मी म्हटलं, “मावशी, परीक्षा द्यायची आहे ना?” त्यांनी नुसती मान हलवली.

मावशी मूळच्या परभणीकडच्या. नवरा गवंडी. वीस वर्षं जोडीनं कामाला. कागदावर मात्र त्या बिगारी, माल कालवायचा आणि घमेली वाहायची. गवंड्याच्या हजेरीत, म्हणजे रोजच्या मजुरीत, आणि बाईच्या हजेरीत केवढं अंतर असतं, ते साइटवर वावरणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे.

आधी लेखी. पहिलाच प्रश्न असा: ‘भिंतीचे ऊर्ध्वाधर संरेखन तपासण्यासाठी कोणते उपकरण वापराल?’ मी मोठ्यानं वाचला. पंधरा-वीस वर्षं भिंती बांधणारी माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागली. मावशी खाली मान घालून बसल्या. लेखीत मला शब्द बदलता येत नाहीत. तोंडी परीक्षेत येतात, तेव्हा मी विचारलं, “मावशी, भिंत उभी सरळ चाललीय का, ते कशानं बघता?”

“वळंब्यानं. दुसरं काय असतंय?”

हे मला दर बॅचला टोचतं. ओळंबा, गुण्या, पाणसळ, थापी, रंधा असे नेमके शब्द या माणसांच्या तोंडी आहेत. प्रश्नपत्रिकेत ते घातले तर परीक्षा सोपी होत नाही, खरी होते. आत्ता आपण गवंडीकाम तपासतच नाही, पुस्तकी भाषा तपासतो आणि निकाल गवंडीकामाचा लावतो. मी प्रत्येक अहवालात हे लिहिते.

मग प्रात्यक्षिक. एक वीट जाडीची भिंत, कोपऱ्यासकट, इंग्लिश बाँडमध्ये, म्हणजे एक थर लांब बाजू दिसणाऱ्या आडव्या विटांचा, त्यावर एक आखूड टोक दिसणाऱ्या तोड्यांचा, असे सात थर. मावशींनी चुंबळ काढून बाजूला ठेवली. विटा टपात सोडल्या आणि टपाशीच बसून राहिल्या. मी विचारलं तर म्हणाल्या, “बुडबुडे थांबू द्या. कोरडी वीट मालातलं पाणी पिती, मग माल धरत न्हाई.” शेजारी सकाळपासून कालवलेल्या मालाचा ढीग होता. त्याला त्यांनी हातच लावला नाही. “मेलाय तो.” पाणी पडलं की साधारण अर्ध्या तासात सिमेंट धरायला लागतं, म्हणून माल तेवढ्यात वापरून संपवायचा, हे मी डिप्लोमात पाठ केलं होतं. मावशींनी बोटानं चिमटीत धरून सांगितलं. एक भाग सिमेंट, सहा भाग वाळू असा ताजा माल त्यांनी स्वतः कालवला.

पहिला थर आडव्या विटांचा. दुसऱ्या थराला मी मुद्दाम जवळ जाऊन उभी राहिले, कारण निम्मे गवंडी इथंच चुकतात. आडव्याच्या वर तोड्यांचा थर येतो, आणि सांधा सांध्यावर येऊ नये म्हणून त्यात विटेचा उभा अर्धा तुकडा घालावा लागतो. तो कोपऱ्यात नाही, कोपऱ्याच्या विटेला लागून. मावशींनी थापीच्या धारेनं वीट एका ठोक्यात उभी फोडली, कोपऱ्याला अख्खी वीट बसवली आणि तुकडा तिच्या शेजारी सरकवला.

“तुकडा कोपऱ्यात का नाही ठेवला?”

“कोपऱ्यात निसटंल की. आन् तुकडा घातलाच न्हाई तर सांध्यावर सांधा येतोय. भिंत उभी चिरती.”

“कोणी शिकवलं?”

“शिकवतंय कोण? हे जेवायला बसले की मी थर लावायची. चुकलं की हे पाडायचे.”

सातव्या थरानंतर मी ओळंबा सोडला. वरपासून खालपर्यंत दोरी आणि भिंत यांच्यातलं अंतर सारखं. मुकादम मागं येऊन कधी उभा राहिला होता, कळलं नाही. काही बोलला नाही.

निकाल जागेवर सांगायची मला परवानगी नसते. मी गुण भरले, भिंतीशेजारी मावशींना उभं करून पुराव्याचा फोटो काढला. त्यांनी थापी हातात धरलेली ठेवली.

“म्याडम, ह्या कागदानं हजेरी वाढंल का?”

प्रमाणपत्राचं मी सांगू शकत होते. हजेरी ठेकेदार ठरवतो, आणि प्रमाणपत्र बघून मजुरी वाढवायला त्याला कुणी बांधलेलं नाही. मी तसंच सांगितलं. खोटी आशा लावणं मला जमलं नसतं. म्हटलं, “कागदावर बिगारी नाही, गवंडी लिहिलेलं असेल. भाव करताना तो पुढं ठेवा.”

“ठेवते,” म्हणाल्या. मग माल ओला होता तोवर त्यांनी परीक्षेपुरती बांधलेली ती भिंत वरून उतरवायला घेतली, एकेक वीट टपात बुडवून, चोळून, धुऊन.