आमची वाटचाल : पाठ कळकाची, पोट धामणीचं

कुडाळजवळच्या आमच्या सुतारशाळेत वडिलांच्या काळी दारं-खिडक्या आणि पलंग व्हायचे. धनुष्यं माझ्या हट्टामुळे आली. सुरुवात नुसत्या बांबूच्या धनुष्यांनी झाली, इंडियन राउंडचा, म्हणजे साध्या बांबूच्या धनुष्यांच्या तिरंदाजी स्पर्धेचा, सराव करणाऱ्या मुलांसाठी. मग वाटलं, बांबूच्या पाठीला (तिरंदाजापासून दूरची बाजू) लाकडाचं पोट (त्याच्याकडची बाजू) जोडून पाहावं.

हाताशी साग होता, म्हणून सागच घेतला. महिनाभरात त्या धनुष्यांचा बाक दोरी उतरवल्यावरही जाईना. उजेडात धरलं तर पोटावर आडव्या, केसाएवढ्या सुरकुत्या दिसल्या. दोन गिऱ्हाइकांचे पैसे परत केले आणि मग नीट विचार केला. दोरी ओढली की पाठ ताणली जाते, पोट दाबलं जातं. बांबूची साल ताणाला फार चिवट असते, ती हटत नाही. मग समोरचं लाकूड चिरडतं. म्हणजे आम्हाला दाब सोसणारं लाकूड हवं होतं. परदेशात त्यासाठी ऑसेज ऑरेंज, इपे वापरतात. आम्ही आमच्या रानात शोधायचं ठरवलं.

ऐनाचं लाकूड सुकतानाच चिरफाळलं. खैर दाब उत्तम सोसतो, पण इतका जड की टोकं हलकी ठेवणं अवघड, शिवाय तोडीची परवानगी. शेवटी एका शेजारी आजोबांनी कुऱ्हाडीचा दांडा पुढे केला. धामण! या झाडाची काठी वाकते आणि परत सरळ होते. संस्कृतात हिचं नाव धन्वन आहे, हे मला नंतर कळलं, आणि त्या दिवशी झालेला आनंद अजून आठवतो.

पाठीसाठी आधी माणगा बांबू घेतला. बिनकाट्याचा, जवळजवळ भरीव, आमच्याच बांधावरचा. पण काठी बारीक, त्यामुळे पट्टी फार गोलट येते. रुंद, सपाट पट्टी कळक या जाड, काटेरी बांबूचीच निघते. काटे सोसून तोच आणतो, तीन वर्षांच्या पुढचा. रंधा फक्त आतून मारायचा, मध्यावर साधारण ३ मिलिमीटर ठेवायचे, सालीला हात लावायचा नाही. २०१७ च्या कायदादुरुस्तीनंतर खासगी जमिनीवरचा बांबू ‘झाड’ राहिला नाही, त्यामुळे गावातून घेणं सोपं झालं.

तोड मात्र थंडीतच. आजोबा सांगायचे, “पावसातलो बांबू घरात घेव नको, भुंगो लागतलो.” एकदा ऐकलं नाही, तेव्हा अख्खी मोळी पीठ होऊन गेली.

कोकणातला पाऊस हाच आमचा खरा परीक्षक. दमट लाकडाचं धनुष्य सुस्तावतं आणि बाक धरतं. म्हणून जून ते सप्टेंबर चिकटवणी बंद, फक्त कानस आणि मुठीचं काम.

माळ्यावर सध्या धामणीच्या एकवीस फळ्या आहेत, गेल्या मार्गशीर्षात चिरलेल्या. त्यांना अजून एक उन्हाळा द्यायचा आहे. तोवर नवीन ऑर्डर घेत नाही.