स्वप्नांची मोजदाद

कोणीतरी मागे लागले आहे आणि पाय उचलत नाहीत, उंचावरून आपण खाली पडत आहोत, परीक्षेची घंटा झाली आहे आणि अभ्यास काहीच झालेला नाही, अशी स्वप्ने पाहिल्याचे बहुतेकजण सांगतात. 1958 साली अमेरिकी आणि जपानी विद्यार्थ्यांना एकच प्रश्नावली दिली गेली, तेव्हा दोन्हीकडच्या उत्तरांत बरेच साम्य आढळले. पुढे 2003 मध्ये टोर नील्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅनडातील 1181 विद्यार्थ्यांची पाहणी प्रसिद्ध केली. तीत पाठलागाचे स्वप्न पहिल्या क्रमांकावर होते. सुमारे 82 टक्के विद्यार्थ्यांना ते आयुष्यात एकदा तरी पडलेले होते.

यातले ‘आयुष्यात एकदा तरी’ हे शब्द सहसा नजरेआड होतात, आणि तिथेच गैरसमजाला सुरुवात होते, असे मला वाटते. स्वप्नांचे अभ्यासक विल्यम डॉमहॉफ यांनी कॅलिफोर्नियातील विद्यार्थ्यांनी ओळीने दोन आठवडे लिहिलेल्या स्वप्ननोंदी तपासल्या, तेव्हा त्यांत उडण्याची स्वप्ने शेकडा एकही भरली नाहीत. जे स्वप्न सर्वांच्या तोंडी असते, ते प्रत्यक्षात क्वचितच पडते.

मग रोजच्या स्वप्नांत असते तरी काय? याचे उत्तर शोधण्यासाठी कॅल्व्हिन हॉल आणि रॉबर्ट व्हॅन डी कॅसल यांनी 1966 मध्ये मोजणीची एक पद्धत मांडली. त्यासाठी 100 विद्यार्थी आणि 100 विद्यार्थिनी यांची प्रत्येकी पाच, म्हणजे एकूण एक हजार स्वप्ने त्यांनी आधाराला घेतली. समजा, एकीने लिहिले आहे, ‘अनोळखी घरात आई माझ्यावर ओरडत होती, आणि माझी पिशवी हरवली होती.’ मोजणारा इथे आई ही ओळखीची व्यक्ती, अपरिचित जागा, आईकडून सुरू झालेली आक्रमकता आणि पिशवी हरवण्याची आपत्ती अशा नोंदी करतो. भीती मात्र तो लिहीत नाही, कारण स्वप्न सांगणारीने तिचा उल्लेखच केलेला नाही. तेच स्वप्न दुसरा मोजणारा स्वतंत्रपणे तपासतो आणि मग दोघांच्या नोंदी ताडून पाहिल्या जातात. अर्थ लावण्याचा मोह इतक्या कसोशीने दूर ठेवणे मला मनापासून आवडते.

या मोजणीतून स्वप्नांचे जे रूप दिसते, ते काहीसे उदास आहे. त्यांत स्नेहापेक्षा भांडणे अधिक असतात आणि सुदैवापेक्षा आपत्ती अधिक. पण ही भांडणे बहुतांशी आपल्याच माणसांशी, आपल्याच काळज्यांतून होतात. एका महिलेने अनेक वर्षे लिहून ठेवलेली तीन हजारांहून अधिक स्वप्ने डॉमहॉफ यांनी याच पद्धतीने तपासली, तेव्हा आईशी असलेला तिचा ताण आकड्यांतूनही स्पष्ट दिसला. ‘मनी वसे ते स्वप्नी दिसे’ असे आपण म्हणतोच. ते मोजूनही दाखवता येते, याचे मला अप्रूप वाटते.

अडचण आठवणीची आहे. 1953 मध्ये शिकागोत युजीन असेरिन्स्की आणि नॅथॅनिएल क्लाइटमन यांनी झोपेतील डोळ्यांच्या जलद हालचालींचा शोध प्रसिद्ध केला. ठळक स्वप्ने बहुधा याच वेळी पडतात, म्हणून झोपलेल्याला नेमके केव्हा उठवून स्वप्न विचारावे हे कळू लागले. अशा प्रकारे प्रयोगशाळेत मिळालेली स्वप्ने घरी आठवलेल्या स्वप्नांपेक्षा साधी असतात, कारण सकाळपर्यंत टिकतात ती मुख्यतः ठसठशीत स्वप्नेच. म्हणूनच वही ठेवायची असेल, तर लिहिण्यासारखे वाटणारे स्वप्न निवडू नये. जे शेवटचे आठवते, ते कितीही क्षुल्लक असले तरी तारखेसह लिहावे आणि त्यात कोण कोण होते हे आधी नोंदवावे.