आमची वाटचाल : वागळे इस्टेटचा गाळा, बारा जिभा आणि एक चुकलेला छेद

पावडर कोटिंगवाल्याच्या भिंतीला भिंत लावून चव तपासायची लॅब कुणी काढेल का? आम्ही काढली. २००७ साली ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये परवडणारा गाळा तेवढाच होता. शेजारची भट्टी अकराला पेटायची, म्हणून आमच्या टेस्ट पावणेअकराच्या आत उरकायच्या. शेजारी केव्हाच भिवंडीला गेला, पण आमची वेळ अजून तीच आहे.

सुताराकडून प्लायवूडचे सहा बूथ करून घेतले, प्रत्येकाला पुढे वर-खाली सरकणारी खिडकी. रंगावरून नमुना ओळखू येऊ नये म्हणून ट्यूबलाइटला लाल जिलेटिन कागद. कपांवर तीन आकडी कोड, कारण अ-ब-क लिहिलं की 'अ' ला उगाच मान मिळतो. दोन नमुन्यांच्या मधे कोमट पाणी आणि बिनमिठाचे कुरमुरे. पॅनेलवर, म्हणजे चाखायला, किसननगर आणि लोकमान्यनगरच्या बारा जणी, मुलांना शाळेत सोडून परस्पर येणाऱ्या. त्यांच्या जिभा तयार करायला सहा महिने गेले. तुरटपणासाठी तुरटीचं पाणी, कडूपणासाठी कॅफीनचं. पहिल्या आठवड्यात एकीने विचारलं होतं, "दादा, याचे पैसे देणार ना, की हेच पाजणार?"

सुरुवातीला माझ्याबरोबर भागीदार होता. कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायचा, म्हणून मी त्याला मास्तर म्हणतो. रोनाल्ड फिशर या संख्याशास्त्रज्ञाची चहाची गोष्ट त्यानेच सांगितली. इंग्लंडात रॉथमस्टेडच्या संशोधन केंद्रात एक बाई म्हणाल्या, कपात दूध आधी ओतलंय की चहा, हे मी चवीवरून सांगते. फिशरने ८ कप मांडले, ४ असे, ४ तसे. आठांतून चार निवडायचे ७० प्रकार होतात, त्यामुळे नुसत्या अंदाजाने सगळे बरोबर येण्याची शक्यता सत्तरात एक. १९३५ च्या पुस्तकात त्याने ते मांडलं. मला गोष्ट इतकी आवडली की प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवायचो. गणित मात्र मास्तरकडेच राहिलं. २०१० मध्ये नोकरीमुळे त्याला बाहेर पडावं लागलं, तेव्हा जाताना त्याने एक एक्सेल शीट ठेवलं. पिवळ्या चौकटीत आकडे भरायचे, खाली हिरव्यात उत्तर यायचं. तीन वर्षं मी पिवळं भरलं आणि हिरवं विकलं.

आता २०१३. हे सविस्तर सांगणार आहे, कारण चूक इथेच झाली.

एका चहा पॅकिंगवाल्यांचं काम होतं. चार ब्लेंड, त्यांतला कमी तुरट कुठला ते सांगायचं. मास्तरच्या काळात प्रत्येक बाई प्रत्येक नमुना एकदाच चाखायची. मी म्हटलं, मोठं गिऱ्हाईक आहे, दोनदा चाखवू, काम पक्कं होईल. झालं पक्कंच. पण मास्तरचं शीट एकदाच्या आकड्यांचं होतं, म्हणून मी एक्सेलचं तयार एनोव्हा उघडलं, म्हणजे नमुन्यांतला फरक खरा की योगायोगाचा हे तपासायचं गणित, त्यातलं एकाहून जास्त खेपांचं 'विथ रेप्लिकेशन'वालं. प्रॉडक्टच्या ओळीत एफ, म्हणजे नमुन्यांतला फरक भागिले चाखण्यातला इतर चढउतार, आला ६. पी व्हॅल्यू, म्हणजे फरक नसताना एवढा मोठा एफ नुसत्या योगायोगाने येण्याची शक्यता, हजारात दोनहूनही कमी. मी रिपोर्ट दिला : तिसरा ब्लेंड निर्विवाद कमी तुरट. त्यांनी त्या ब्लेंडची पूर्ण सीझनची पत्ती उचलली आणि बाजारातून तक्रारी आल्या.

मग त्यांनी दुसऱ्या लॅबला बोलावलं. ती लॅब कुणाची? आमच्याच गाळ्यात दोन वर्षं हात बसवून गेलेल्या मुलाची. मीटिंगला नऊ माणसं. पडद्यावर माझाच तक्ता, वर माझ्या फर्मचं नाव तसंच ठेवलेलं. तो शांतपणे म्हणाला, "सर, छेद चुकलाय."

छेद म्हणजे भागाकारात खालचा आकडा, आणि तो खरंच चुकला होता. १२ बायका, ४ ब्लेंड, २ खेपा, म्हणजे ९६ आकडे. प्रॉडक्टचा मीन स्क्वेअर, म्हणजे चढउताराचं माप, ९. एक्सेल त्याला एकाच बाईच्या दोन खेपांमधल्या फरकाच्या मीन स्क्वेअरने, म्हणजे १.५ ने भागतं. एक्सेलचा दोष नाही. आम्हाला या बाराच बायकांपुरतं उत्तर नको होतं, तशा कुणाही चाखणाऱ्यांबद्दल हवं होतं. अशा वेळी बायका रँडम, म्हणजे मोठ्या गटातून सहज उचललेल्या, धरायच्या आणि प्रॉडक्टला भागायचं ते बाई-गुणिले-प्रॉडक्ट या इंटरॅक्शनने, म्हणजे ब्लेंडमधला फरक बाईगणिक किती बदलतो त्याने. ते होतं ५. नऊ भागिले पाच, १.८. पाच टक्क्यांच्या कसोटीवर फरक सिद्ध म्हणायला एफ लागतो साधारण २.९. निर्विवाद वगैरे काही नव्हतंच.

आणि ते ५ म्हणजे काय, हे मला त्या रात्री गाळ्यात बसून कळलं. प्रत्येक बाईची एक रेघ, असा कागदावर आलेख काढला. सात रेघा एका दिशेने, पाच नेमक्या उलट. त्या पाच जणी कडूला तुरट म्हणत होत्या! सहा वर्षांपूर्वी तुरटीचं पाणी पाजलं ते पाजलं, पुन्हा उजळणी घेतलीच नव्हती. बायका खोटं बोलत नव्हत्या, आमचा शब्दच सैल झाला होता. हा आलेख आधी काढला असता तर एफपर्यंत जायचीही गरज नव्हती. तुम्हीही आधी चित्र काढा, मग भागाकार करा.

चूक माझी, हे मी लिहून देतो. पण फोन करता आला असता. दोन वर्षं आमच्या डब्यातलं जेवलेल्या मुलाला नऊ माणसांसमोर पडदाच हवा होता. पुढच्याच महिन्यात त्याने बैठकीला पन्नास रुपये जास्त देऊन आमच्या सात जणी नेल्या. बायकांवर राग नाही, पन्नास रुपये पन्नासच असतात. चहावाल्यांनी बिल अडवलं, इतर दोन गिऱ्हाइकं गप्प झाली, भाडं तीन महिने थकलं. एक क्लासवाले येऊन बूथची मापं घेऊन गेले, मुलांना अभ्यासाला बसवायला बरे म्हणून. सौदा ठरल्यात जमा होता.

तो मोडला तुर्भ्याच्या मसालेवाल्या शेठमुळे. त्यांना गोड्या मसाल्याचा दगडफूल देणारा व्यापारी बदलायचा होता. "जुन्या गिऱ्हाइकाला कळेल का, तेवढं सांग," म्हणाले. मसाला नुसता चाखता येत नाही, म्हणून एकाच आमटीत दोन्ही शिजवले. ट्रायँगल टेस्ट : तीन वाट्या, दोन सारख्या, वेगळी ओळखायची. २४ माणसं बसवली. फरक सिद्ध व्हायला १३ बरोबर लागतात. आले ११.

शेठ खूश. "म्हणजे सारखाच!"

वर्षापूर्वी मीही 'सारखाच' म्हणून बिल फाडलं असतं. या वेळी म्हणालो, "शेठ, वेगळा आहे हे सिद्ध झालं नाही, एवढंच. सारखा आहे हे त्यातून निघत नाही. त्याला जास्त माणसं लागतील." त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "पैसे कमवायचे नाहीत वाटतं तुला," आणि त्या जास्तीच्या माणसांचा ॲडव्हान्स दिला.

मास्तरला फोन लावला. रविवारी सकाळी तो ठाणे स्टेशनवर भेटायचा आणि तुर्भ्यापर्यंत ट्रान्स-हार्बरच्या गाडीत शिकवायचा. त्यानेच आर हे संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर हातात दिलं. फुकट मिळतं. फ्रान्समधल्या रेन शहरातल्या लोकांनी त्यात सेन्सोमाइनआर नावाचं पॅकेज केलंय, डेन्मार्कवाल्यांनी सेन्सआर आणि एलएमईआरटेस्ट. वयाच्या शेहेचाळीसाव्या वर्षी कंस जुळवत बसलो. एक स्वल्पविराम सापडेना म्हणून एकदा पहाटेचे दोन वाजले.

शेठशी आधीच ठरवलं : खरोखर फरक ओळखणारे शंभरात तीसहून कमी असतील तर व्यापारी बदलायचा. ६० माणसं बसली, २४ बरोबर. याचा अर्थ असा लावायचा : सहा जणांना खरंच कळलं, उरलेल्या ५४ पैकी तिसरा हिस्सा, १८, अंदाजाने लागले. सहा आणि अठरा चोवीस. म्हणजे ओळखणारे दहा टक्के, आणि ९५ टक्के खात्रीने वरची मर्यादा धरली तरी सव्वीसच्या आसपास. शेठनी व्यापारी बदलला. दर महिन्याच्या पाच तारखेला त्यांचा चेक येतो, एकदाही चुकलेला नाही. क्लासवाल्यांना मी नाही म्हणून कळवलं.

त्यानंतरची वर्षं कामाची गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

या धंद्यात नव्याने येणाऱ्यांना थोडं. नमुने सगळ्यांना एकाच क्रमाने देऊ नका, पहिल्या कपाला बहुधा जास्त मार्क पडतात. विल्यम्सचा चौरस वापरा, म्हणजे प्रत्येक नमुना प्रत्येक जागी आणि दुसऱ्या प्रत्येकाच्या मागोमाग सारख्याच वेळा येईल असा क्रमांचा तक्ता : चार नमुन्यांना चार क्रम पुरतात, पाचांना दहा लागतात, म्हणून पाचवा नमुना आणणाऱ्या गिऱ्हाइकाला आधी चहा पाजून चौथ्यावर आणा. आवडीनिवडीची नऊ पायऱ्यांची पट्टी अमेरिकन लष्कराच्या जेवणासाठी बनली होती. तिथला सैनिक जेवणाला बिनदिक्कत दोन देत असेल, आपल्याकडे समोर वाढणारी बाई उभी असेल तर भिडेपोटी कुणी सातच्या खाली उतरत नाही. वाढणाऱ्याला खिडकीच्या मागे ठेवा. ग्राहकांचा सरासरी स्कोअर सहा आला तर त्यावर विसंबू नका, निम्म्यांनी आठ आणि निम्म्यांनी चार दिले असतील तरी सहाच येतो. आणि पॅनेलच्या बायकांचे पैसे त्याच दिवशी, पाकिटात, सुट्टे द्या. हे मला कुठल्या सॉफ्टवेअरने शिकवलं नाही.

गेलेल्या सात जणींपैकी तिघी परत आल्या. आता दर तीन महिन्यांनी तुरटी आणि कॅफीनची उजळणी असते, आणि त्या नव्या मुलींना दटावतात, "अगं, जीभ आखडते ते तुरट. कडू मागे लागतं, घशाशी."

त्या मुलाचं ऑफिस आता महापेला आहे, काचेचं. ठीक आहे. गेल्या महिन्यात त्याच चहावाल्यांच्या नव्या मॅनेजरचा फोन आला, सहा ब्लेंड आहेत, कोटेशन पाठवा. जुनं काही त्यांना माहीत नसावं. मी पाठवलं. सहा नमुने, बारा बायका, दोन खेपा, इंटरॅक्शनसकट रिपोर्ट. सगळ्यात वर एक ओळ जास्तीची टाकली : २०१३ ची बाकी, ३८,४०० रुपये, काम सुरू होण्यापूर्वी.