जे आधी होईल तोवर

समितीचा दौरा लागला, की कार्यालयात आधी रंगारी येतो आणि मागून प्रश्नावली. 2014 च्या जानेवारीत आमच्याकडे दोन्ही एकाच दिवशी आले. मी तेव्हा मराठवाड्यातल्या एका जिल्ह्यात लेखाधिकारी होतो. जिल्ह्याचं आणि कार्यालयाचं नाव सांगत नाही. कुठलंही घातलं तरी गोष्ट फारशी बदलणार नाही.

विधिमंडळाच्या समितीनं पाठवलेल्या प्रश्नावलीतली बहुतेक उत्तरं मागच्या दौऱ्याच्या फाइलमधून उचलण्यासारखी होती. एकच प्रश्न अडला: ‘अस्थायी पदांचा तपशील, निर्मितीचा मूळ आदेश व पदे चालू ठेवण्याचे कारण.’

अशी तात्पुरती पाच पदं आमच्याकडे होती. एक अव्वल कारकून, दोन लिपिक, एक वाहनचालक, एक शिपाई. त्यांच्या पगाराच्या बिलाला मुदतवाढीच्या आदेशाची प्रत जोडावी लागते, नाहीतर कोषागार बिल परत पाठवतं. माझा त्या पदांशी संबंध एवढाच. मुदतवाढ सहा महिन्यांची. प्रत्येक आदेशात आधीच्या आदेशाचा क्रमांक, त्या आदेशात त्याच्याही आधीचा. मूळ कुठं आहे हे मला कुणी विचारलं नव्हतं आणि मीही कुणाला विचारलं नव्हतं.

अभिलेख कक्षात दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी रेकॉर्डकीपर काकांनी लाल रुमालात बांधलेलं एक दप्तर टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, “मी आल्यापासून ही गाठ कुणी सोडलेली नाही, साहेब.” गाठ सुटेना, तेव्हा कात्री आणावी लागली.

आत 1972 चा टंकलेखित आदेश होता. दुष्काळी कामांचा हिशेब ठेवण्यासाठी पाच पदं, मुदत ‘सहा महिने किंवा टंचाई संपेपर्यंत, यांपैकी जे आधी होईल तोवर’. मी ते वाक्य काकांना मोठ्यानं वाचून दाखवलं. ते हसले नाहीत. त्यांनी खालचा गठ्ठा पुढं सरकवला. सगळ्या मुदतवाढी. मोजायला बसलो आणि साठाच्या पुढं मोजणं सोडून दिलं.

पहिल्या वर्षीचे कागद मात्र मी नीट वाचले, आणि खरी गंमत तिथंच होती. त्या वर्षीचा पैसा पुरवणी मागणीतून, म्हणजे अर्थसंकल्पानंतर वेगळ्यानं मागितलेल्या रकमेतून आला होता. म्हणजे सभागृहापुढं तो कारणासकट गेला होता: दुष्काळ आहे, कामं काढली आहेत, हिशेबाला माणसं लागतील. आपल्या व्यवस्थेत आणीबाणीच्या खर्चावर तशी नजर असते. अचानक उद्भवणाऱ्या खर्चासाठी ठेवलेल्या आकस्मिकता निधीचंच बघा. आपल्या राज्यात त्याची नेहमीची मर्यादा 150 कोटींची, ती वाढवायची तर अध्यादेश किंवा कायदा लागतो, आणि उचललेला प्रत्येक रुपया पुढं विधिमंडळाकडून मंजूर करून घेऊन निधीत परत भरावा लागतो. दुसऱ्या वर्षी आमची पाच पदं नेहमीच्या अर्थसंकल्पात ‘वेतन’ या खर्चाच्या शीर्षाखाली जाऊन बसली आणि सभागृहाच्या नजरेतून नाहीशी झाली. सभागृह मतदान करतं ते अख्ख्या मागणीवर, म्हणजे खात्याच्या एकत्रित खर्चावर. कोट्यवधींच्या मागणीत पाच पगार कोण शोधणार?

लेखापरीक्षणातही ते सापडले नसते. मंजुरी होती, तरतूद होती, बिलं बिनचूक होती. आक्षेप घ्यायचा कशावर?

दप्तरात आणखी एक कागद होता, शून्याधारित अर्थसंकल्पाच्या काळातला. शंकरराव चव्हाण दुसऱ्यांदा मुख्यमंत्री होते तेव्हा त्याचा फार बोलबाला होता: मागच्या वर्षी खर्च झाला एवढं कारण पुरणार नाही, प्रत्येक खर्चाची गरज पहिल्यापासून सिद्ध करा. वरून आमच्या कार्यालयाला तसं पत्र आलं होतं. कार्यालयानं उत्तर एका ओळीत दिलं होतं: ‘सदर पदांची आवश्यकता आहे.’ खाली सही, तारीख, जावक क्रमांक.

पत्र लिहिणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही. पद बंद करायचं तर टिपणी लिहावी लागते, कारणं द्यावी लागतात, युनियनला तोंड द्यावं लागतं. चालू ठेवायला फक्त तारीख बदलावी लागते. शिवाय आमच्याकडे विचार करायची वेळ आली, की नेमका दुष्काळ पडतो. 2003 ला पडला, 2012-13 ला पडला. टँकर फिरत असताना ‘टंचाई’ नावाची पदं बंद करा म्हणायची हिंमत कुणात असते?

संध्याकाळी नाना आले. वाहनचालकाचं पद त्यांचं. ज्या जीपसाठी ते निर्माण झालं ती कधीच निर्लेखित होऊन भंगारात गेली होती. नाना बरीच वर्षं साहेबांची गाडी चालवत होते.

“साहेब, दप्तर सापडलं म्हणे. आमचं पद जातंय का?”

“नाना, तुम्ही कायम आहात. पद तात्पुरतं आहे.”

ते थोडं थांबून म्हणाले, “म्हणजे बसायची जागा हलती, बसलेला पक्का.” नियमांच्या पुस्तकातही हे इतकं स्वच्छ लिहिलेलं नाही.

समिती आली. बैठकीतलं बाहेर सांगायचं नसतं, म्हणून सांगतो ते व्हरांड्यातलं, चहाच्या वेळचं. धोतर नेसलेले एक ज्येष्ठ सदस्य माझं उत्तर हातात धरून उभे होते. मूळ आदेशाची प्रत मी सोबत जोडली होती. साहेबांना ते फारसं रुचलं नव्हतं.

“हे आम्ही कधी मंजूर केलं?”

“सर, दरवर्षी. अर्थसंकल्पात.”

“दरवर्षी,” ते म्हणाले. “मी तिसऱ्यांदा निवडून आलोय. म्हणजे मीच हात वर केला की.” मग बशीत चहा ओतून प्याले आणि हळूच म्हणाले, “तुमच्या साहेबांना काय विचारू? मलाच विचारायला पाहिजे.”

मग मला रोजगार हमीची गोष्ट त्यांनीच सांगितली. वि. स. पागे विधान परिषदेचे सभापती होते. त्यांच्या कल्पनेतून तासगाव तालुक्यातल्या विसापूरला 1965 मध्ये तो प्रयोग झाला, आणि 1972 च्या दुष्काळात तो राज्यभर पसरला. तोच दुष्काळ, ज्यातून आमची पाच पदं आली. पण ती योजना मागच्या दारानं राहिली नाही. तिच्यासाठी 1975 मध्ये व्यवसाय कर लावला, 1977 चा कायदा झाला, 26 जानेवारी 1979 ला तो लागू झाला, आणि तिच्यावर लक्ष ठेवायला विधिमंडळाची स्वतंत्र समिती आहे. ती कायमची करायची हे ठरवून केलं.

मला लगेच माझी पगाराची पावती आठवली. व्यवसाय कराचे दरमहा 200 रुपये कापायचे आणि फेब्रुवारीत 300. तोवर केंद्राचा कायदा आला होता, शंभर दिवसांची मजुरी दिल्लीहून येत होती, पण व्यवसाय कर होताच. हे त्यांच्यापुढं बोललो नाही. चहा संपला होता.

समितीनं पुढं काय शिफारस केली ते माझ्यापर्यंत आलं नाही. मार्चअखेर मुदतवाढीचा आदेश आला, नेहमीसारखा उशिरा, त्यामुळे पाच जणांचे पगार आठ दिवस लांबले. मी प्रत जोडली, सही केली, बिल पास झालं.

2016 मध्ये नाना निवृत्त झाले. त्या वर्षीही दुष्काळ होता, लातूरला रेल्वेनं पाणी नेलं होतं. सप्टेंबरमध्ये नवा आदेश आला तेव्हा सवयीनं पदं मोजली. पाच. चौथ्या ओळीत, वाहनचालक या शब्दापुढं ‘रिक्त’ लिहिलं होतं, आणि त्या रिक्त जागेलाही सहा महिन्यांची मुदतवाढ होती.